चौदा तारखेची खूण

हट्टा,
शुक्रवार, सकाळी साडेआठ

प्रिय संतोष,

आमच्या घरापासून तुमचा तांडा तीन किलोमीटर. एवढ्याशा अंतरावरच्या माणसाला कुणी पत्र लिहितं का, असं तू म्हणशील आणि मिनावहिनी पदर तोंडाला लावून हसतील. हसू दे. परवापासून मी दोनदा गाडी काढली. पहिल्यांदा कॅनॉलच्या पुलापर्यंत आलो आणि परत फिरलो. दुसऱ्यांदा थेट तुमच्या सेवालाल महाराजांच्या मंदिरापर्यंत आलो. वसरामकाका ओट्यावर बसले होते. त्यांनी हात केला, मीही केला, आणि गाडी वळवली. काकांना वाटलं असेल, पोरगं घरी काहीतरी विसरून आलंय. विसरलो काहीच नव्हतो, म्हणून तर वळवली.

तोंडानं बोलायचं म्हटलं की मला पहिलं वाक्यच सापडत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? सहावीत गुरुजींनी 'मी पक्षी झालो तर' असा निबंध दिला होता. मी अर्धा तास पेन चावत बसलो आणि 'मी पक्षी होणार नाही' एवढं एकच वाक्य लिहिलं. तू ते पाहिलंस, माझं पान फाडलंस आणि उरलेल्या वेळात दोन निबंध लिहिलेस, एक तुझा, एक माझा. माझ्यातला पक्षी मुद्दाम जरा मठ्ठ ठेवलास, गुरुजींना शंका येऊ नये म्हणून. मला दहापैकी सहा मिळाले. निबंधात तेवढे मला पुन्हा कधी मिळाले नाहीत.

आणि तुझे हात! आयटीआय झाल्यावर वसमतच्या मोंढ्यामागच्या त्या पत्र्याच्या शेडात तू हळद शिजवायचे कुकर जोडायचास. एका कुकरच्या झाकणातून वाफ गळायची आणि शेतकरी येऊन डोकं खायचे. तू ट्रॅक्टरची जुनी ट्यूब आणलीस, गोल कापलीस, बसवलीस, गळती बंद. मी तेव्हा बी.एस्सी.चा पास वर्ग घेऊन मोकळा फिरत होतो. मी विचारलं, हे कुठे लिहिलंय? तू म्हणालास, "लिहायचं काहून? दिसून राहिलं ना." तुला दिसायचं. मला लिहिलेलं लागायचं. तेव्हा आपल्याला दोघांनाही त्याची गंमत वाटायची.

जहाजावर गेलो तेव्हा लोकांना वाटलं, सोनाजीच्या पोराला समुद्राचं वेड लागलं. कसलं वेड? हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला समुद्र काय आणि सिद्धेश्वरचं धरण काय, पाणीच ते. मला वेड लागलं ते फायलींचं. पहिल्या आठवड्यात एका अधिकाऱ्यानं चार बोटं जाडीची फाइल माझ्या हातात दिली. बंदर सोडण्याआधी काय तपासायचं, बंदरात शिरताना काय, बंद टाकीत माणूस उतरवण्याआधी काय, आग लागली तर कुणी कुठं उभं राहायचं, सगळं क्रमानं लिहिलेलं. समोर चौकोन, काम झालं की खूण करायची, खाली सही. खोटं नाही सांगत, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. 'तुझ्या मनानं कर' असं न म्हणणारी जागा मला जन्मात पहिल्यांदा मिळाली होती. परीक्षेत दोनदा आपटलो, पण थर्ड ऑफिसर झालो आणि पहिलं काम काय केलं, तर तुला बोलावून घेतलं. मुंबईचे कोर्स तू केलेस, फिटर म्हणून माझ्याच जहाजावर आलास. महिन्याभरात स्वयंपाक्याला भाकरीचा तवा करून दिलास आणि कॅप्टनच्या खुर्चीचं करकरणं बंद केलंस. सगळं जहाज तुला ओळखायचं आणि मला 'फिटरचा गाववाला' म्हणायचं. मला बरं वाटायचं. थोडं वाईटही वाटायचं, तेही आज लिहून टाकतो.

आता मंगळवारचं सांगतो. तुझ्या निलमनं घरी सांगितलं असेलच, पण माझ्या तोंडून ऐक. वसमतच्या कॉलेजात मला करिअर मार्गदर्शनाला बोलावलं होतं. प्राचार्य म्हणाले, विषय तुम्हीच ठरवा. मला घाम फुटला, मग त्यांनीच ठरवला: 'नवं सुचण्यापेक्षा ठरलेलं नीट करायला आवडतं, अशांसाठी समुद्रावरच्या नोकऱ्या'. फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं होतं. विषय वाचून मला वाटलं, हा माझ्यासाठीच जन्माला आलाय. मी फार चांगलं बोललो रे. ज्यांना चित्र येत नाही, कविता सुचत नाही, वेगळं काही कर म्हटलं की जे पेन चावत बसतात, त्यांनी खाली मान घालू नका, असं सांगितलं. डेकवरचा अधिकारी, इंजिनवरचा, सुकाणू धरणारा खलाशी, स्टोअर सांभाळणारा, प्रत्येकाचं काम लिहून ठेवलेलं असतं आणि ते जसंच्या तसं करणाऱ्याला तिथं मान असतो, असं सांगितलं. पोरं पुढं सरकून ऐकत होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा, सारखा खाली बघणारा, त्यानं मान वर केली. मला त्याच्यात मी दिसलो आणि मग मी जरा जास्तच रंगात आलो.

रंगात आलो की मी एक गोष्ट सांगतो. नऊ वर्षं सांगतो आहे. नव्या कॅडेटांना सांगतो, कंपनीच्या प्रशिक्षणात सांगतो, आता पोरांनाही सांगितली. आमच्या जहाजावर एक फिटर होता, फार हुशार. गँगवे म्हणजे जहाजाच्या अंगाला लोंबणारी चढउतारीची शिडी, ती एका जाड तारदोरावर तोललेली असते. तो दोर ज्या चाकावरून जातो त्याची पिन झिजली. नवी पिन कंपनीकडून यायची होती. या हुशार माणसाला धीर नव्हता. त्यानं लेथवर घरची पिन बनवली आणि बसवली. एक दिवस बंदरात ती वाकली, चाक अडकलं, दोर तुटला, शिडी कोसळली, शिडीवरच्या माणसाची कंबर मोडली. मग मी थोडा थांबतो, आणि म्हणतो, मुलांनो, समुद्रावर डोकं चालवणारा माणूस घातक असतो, यादी पाळणारा माणूस जीव वाचवतो. इथं नेहमी टाळ्या पडतात. मंगळवारीही पडल्या. तुझं नाव मी कधी घेत नाही. तेवढी सभ्यता माझ्यात आहे, असं मला वाटायचं.

टाळ्या थांबल्यावर प्राचार्यांनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय का? तिसऱ्या रांगेतून एक मुलगी उठली. निलम वसमतला शिकते हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी ती गोष्ट सांगितली नसती, आणि यापेक्षा वाईट मला स्वतःबद्दल काही सांगता येणार नाही. ती म्हणाली, "सर, तो फिटर म्हणजे माझे बापू. ते बी हेच सांगतेत. म्हणतेत, विजूकाकासारखं वाग, माझ्यासारखं डोकं चालवू नको." आवाज तिचा जराही हलला नाही. मग म्हणाली, "मला बी जहाजावर जायचंय. पण माझे हात बापूवाणीच हायेत, कशाला बी लागतेत. मला जमंल का हो?" संतोष, आजार बापाकडून लेकराला येतो का, असं डॉक्टरला विचारावं तसं विचारलं तिनं. आणि मी काय म्हणालो माहीत आहे? 'सराव केला की जमतं.' त्यावरही टाळ्या पडल्या.

बाहेर ती मला भेटली, पाया पडली. मीच विचारलं, बापू काय करतात? दर सुट्टीत तुला भेटूनही हे मी कधी विचारलं नव्हतं. ती सांगत गेली. वेल्डिंगचं मशीन गोठ्यात पोत्याखाली झाकून ठेवलंय. तांड्यावरचे लोक मोटर घेऊन येतात, तू वसमतला न्या म्हणतोस. घरची मोटर बिघडली तरी तू मेकॅनिक बोलावतोस आणि तो काम करत असताना शेताच्या बांधावर जाऊन बसतोस. ओणमला त्या केरळच्या ऑयलरला, इंजिनखात्यातल्या त्या शिडीवरून पडलेल्या माणसाला, न चुकता फोन करतोस आणि दर वेळी माफी मागतोस. हे शेवटचं मला आधीच माहीत होतं. त्यानंच मला सांगितलं होतं, 'तुमचा दोस्त चांगला माणूस आहे' म्हणून. मी हो म्हणालो होतो आणि फोन ठेवला होता.

मला लाज वाटते, हे वाक्य मी मंगळवारपासून कितीदा लिहून खोडलं याला हिशेब नाही. लाज दोन थरांची आहे. वरचा थर तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे की तुला माहीत आहे. ती पिन तू तुझ्या मनानं केली नव्हतीस. दोन बंदरं झाली तरी सुटा भाग येईना, शिडी अडून बसली, तेव्हा मीच तुझ्याकडे येऊन म्हणालो होतो, काहीतरी कर यार. कंपनीकडून न आलेला भाग बसवायला लेखी परवानगी लागते, हे मला तोंडपाठ होतं. ती मागायला जावं तर उशीर होणार, उशीर झाला की माझ्या फायलीत लाल शेरा येणार. म्हणून तोंडी सांगितलं. चौकशीत साहेबांनी विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून केलंस? तू माझ्याकडे पाहिलंस. मी फायलीकडे पाहिलं. तू म्हणालास, "माझ्याच मनानं, साहेब." नऊ वर्षांत हे तू मला एकदाही ऐकवलं नाहीस. दर सुट्टीत भेटलो, तुझ्या घरी जेवलो, तुझ्या आईनं, मिराकाकूंनी, वाढलेलं खाल्लं आणि ढेकर देऊन उठलो.

खालचा थर तुला माहीत नाही. तो फक्त मला माहीत आहे. माझी एक पद्धत होती. महिन्याच्या तपासणीची यादी मी पहिल्या रविवारीच भरून ठेवायचो. सगळ्या तारखा, सगळ्या खुणा, सगळ्या सह्या. मग ती ती तारीख आली की जाऊन काम करायचं. आधी खूण, नंतर काम. त्यामुळे माझी फाइल कधी उशिरा झाली नाही. कंपनीनं त्याबद्दल प्रशस्तिपत्र दिलं, ते आईनं बैठकीत लावलंय. सुरुवातीला मी खरंच प्रत्येक तारखेला जाऊन बघायचो. नंतर एखादी तारीख हुकायची. खूण तर झालेलीच असायची, ती बघून मनाला वाटायचं काम झालंय. संतोष, मला वाटत होतं मला नियम आवडतात. मला खुणा आवडायच्या. त्या महिन्याच्या यादीत चौदा तारखेसमोर लिहिलं होतं: गँगवेचा दोर, तपासला, उत्तम. चौदा तारखेला नऊ वाजता मी तो बघणार होतो. शिडी कोसळली त्याच सकाळी पावणेआठला.

चौकशीचे साहेब दोन दिवसांनी आले. तोवर शिडी पुन्हा चालू करायची म्हणून नवा दोर चढवला होता आणि जुना दोर भंगारात टाकायचं काम माझ्याकडे आलं. मी तो हातानं गुंडाळला. तुटलेलं टोक बघितलं. वरून ग्रीस होतं, आत सगळा गंज, लाल भुगा. चाकावरून जिथं दोर वळतो नेमकी तीच जागा, शिडीच्या बाजूला पालथं पडून हात घातल्याशिवाय न दिसणारी. तिथं मी चौदा तारखेला काय, आधीचे तीन महिनेही हात घातला नव्हता. वरून नजर टाकून खूण खरी केली होती. ते टोक मी भंगाराच्या पेटीत सगळ्यात खाली घातलं आणि वर बाकीचा दोर टाकला. कुणी सांगितलं नव्हतं तसं कर म्हणून. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी स्वतःच्या डोक्यानं केली.

साहेबांनी माझी यादी पाहिली. म्हणाले, दोर तर त्याच दिवशी तपासलेला आहे. किती वाजता पाहिलास? मी म्हणालो, सात वाजता. एवढंच. सगळी चौकशी त्या एका शब्दावर बसली. दोर सात वाजता चांगला होता म्हणजे दोष दोराचा नाही. दोष दोराचा नाही म्हणजे राहिली वाकलेली पिन. पिन कुणाची, तर फिटरची. मी त्या खोलीत होतो, सगळं ऐकत होतो, आणि माझा पेन नीट टेबलाच्या कडेला समांतर ठेवत होतो. तुला घरी पाठवायचं ठरलं. गाडीत बसताना तू माझा हात धरलास आणि म्हणालास, "तुझे कागद बराबर व्हते, विजू, म्हून तू सुटला. माझंच चुकलं. तुला माझ्यापायी तकलीफ झाली." मी तुझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणालो, होतं असं. नंतर दुसऱ्या कोणत्या कंपनीनं तुला घेतलं नाही. मी सेकंड ऑफिसर झालो, मग चीफ ऑफिसर. आणि ती गोष्ट सांगायला लागलो. पहिल्यांदा सांगितली तेव्हा जीभ अडखळली होती. चौथ्या-पाचव्या वेळेपासून मला ती खरी वाटायला लागली.

तर आता नीट ऐक, कारण हे मी नऊ वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं. तुझी पिन तुटली नाही. ती आधी वाकलीही नाही. दोर माझ्या हलगर्जीपणानं तुटला, त्या हिसक्यानं पिन वाकली, आणि वाकूनही जागेवर राहिली. ती घरची नसून कंपनीची असती तरी त्या ऑयलरची कंबर मोडलीच असती. तुझ्या हातून कुणाला काही झालेलं नाही. त्याला माफीचा फोन मी करायचा होता, तो काल केला. तो म्हणाला, आधी संतोषला सांग.

निलमनं विचारलेलं 'मला जमंल का' माझ्या कानातून जात नाही, म्हणून हे पत्र आजच लिहितो आहे. कंपनीला सगळं लेखी कळवलंय. तू वाचल्यावर पाठवीन असं ठरवणार होतो, पण मी मला ओळखतो, म्हणून सकाळी सात वाजता पाठवून मगच तुला लिहायला बसलो. या वेळचे सात खरे आहेत. माझ्या परवान्याचं काय व्हायचं ते होईल, तुझ्या वहिनीला, शिवकन्येला, मी सगळं सांगितलंय, ती माझ्यावर संतापली आहे आणि तिचं बरोबर आहे. सोमवारी अकरा वाजता मी पुन्हा त्या कॉलेजात जाणार आहे. प्राचार्यांना वाटतं मी भाषणाचा दुसरा भाग देणार. मी त्याच हॉलमध्ये, त्याच पोरांसमोर तीच गोष्ट सांगणार आहे, जशी घडली तशी. निलम तिथं बसलेली असेल. आपल्या बापाचं काही चुकलं नव्हतं आणि आपल्या हातांत काही खोट नाही, हे तिला दीडशे पोरांच्या गर्दीत, माझ्या तोंडून पहिल्यांदा कळू नये. ते तिला घरी, तुझ्याकडून कळावं. त्यासाठी सोमवारच्या आधी हे तुझ्या हातात पडायला हवं. हे द्यायला मी स्वतः येतो आहे. तू वाचत असशील तेव्हा मी मंदिरापाशी थांबलेला असेन, हाकललंस तर जाईन. एवढंच सांग, त्या फिटरचं नाव घेऊ की नको? ते तू ठरव. त्या थर्ड ऑफिसरचं नाव मात्र मी घेणार आहे.

तुझाच,
विजू
(विजयकुमार सोनाजी, थर्ड ऑफिसर तेव्हाचा)